नायलॉनचे जनक : वॉलेस कॅरोथर्स

नायलॉन म्हटले की बहुतेकांना साडी, दोरी किंवा मोजे आठवतात. मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी. मला आठवते ते यंत्रातील पांढरे दातेरी चाक. हलक्या कामाच्या कितीतरी यंत्रांत त्याने पितळी व पोलादी चाकांची जागा घेतली आहे. ते पोलादाच्या सुमारे एक-सप्तमांश वजनाचे असते, आवाज कमी करते, कमी झिजते आणि पुष्कळदा तेलावाचूनही फिरते. ज्यांनी हा पदार्थ निर्माण केला त्यांचे चरित्र मला चटका लावून गेले.

कॅरोथर्स यांचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. वडील शिक्षक होते. टार्किओ महाविद्यालयात स्वतः शिकत असतानाच ते तेथे रसायनशास्त्र शिकवू लागले. १९२४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून पुढे त्यांनी हार्वर्ड येथे अध्यापन केले. १९२८ मध्ये ते ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले.

रबर, रेशीम यांचे रेणू खरोखरच लांब साखळीसारखे असतात का, यावर तेव्हा वाद चालू होता. लहान रेणू एकमेकांना जोडत कॅरोथर्स यांनी अशा साखळ्या स्वतःच घडवल्या. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन ६६ तयार झाले. त्याच्या दोन्ही घटकांत सहा-सहा कार्बन अणू असतात, म्हणून हे नाव. शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून ठेवतात. त्याचा चिवटपणा येतो तो यातूनच. अर्थात, ते उष्णतेने मऊ होते व ओलाव्याने किंचित फुगते. त्यामुळे धातूची गरज संपलेली नाही.

१९३६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. पण तरुणपणापासून त्यांना नैराश्याचा विकार होता. जानेवारी १९३७ मध्ये बहीण वारली. आपली प्रतिभा आटली, असे त्यांच्या मनाने घेतले. २९ एप्रिल १९३७ रोजी त्यांनी जीवनयात्रा संपवली. सात महिन्यांनी त्यांना कन्या झाली. नायलॉनची जाहीर घोषणा १९३८ मध्ये झाली. लेक आणि कीर्ती, दोन्ही त्यांना पाहता आल्या नाहीत.

मित्रहो, यंत्राची झीज आपल्याला मोजता येते, मनाची दिसत नाही. शेजारच्या बाकावरील हुशार मित्र अचानक अबोल झाला, तर त्याची विचारपूस जरूर करा.