माळ्याने बांधलेला काचमहाल
जोसेफ पॅक्स्टन (१८०३-१८६५) हे मूळचे माळी. स्थापत्याचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. चॅट्सवर्थच्या उद्यानात महाकाय कमळासाठी काचगृह उभारताना लोखंड व काचेचे मर्म त्यांना उमगले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी आलेले सुमारे २४५ आराखडे नाकारून समितीने स्वतः विटांची अवजड इमारत योजली. ती हाइड पार्कमधून नंतर हटणार कशी, म्हणून लोक संतापले. पॅक्स्टन यांनी २४ फुटांच्या मापात बसणारे, कारखान्यात घडवलेले एकसारखे सुटे भाग सुचवले. सुमारे ३ लाख काचांचा ‘क्रिस्टल पॅलेस’ काही महिन्यांतच उभा राहिला. प्रदर्शनानंतर तो उतरवून १८५४ मध्ये सिडनहॅम येथे अधिक विस्तृत रूपात उभारण्यात आला. मोजक्या महिन्यांसाठी बांधलेली ही वास्तू ३० नोव्हेंबर १९३६ च्या आगीत भस्मसात होईपर्यंत तेथे होती.