रेव्हरंड टिळक आणि आपली नाताळगीते



आगमनकाळ आला की गायनवृंदाचा सराव सुरू होतो आणि घरोघरी कॅरल गाणारी पथके निघतात. त्यांच्या गाण्यांत ‘जिंगल बेल्स’ हमखास असते. अमेरिकेच्या जेम्स पिअरपॉन्ट यांचे हे गीत १८५७ साली छापले गेले. ते बर्फावरून धावणाऱ्या घोड्याच्या गाडीचे गाणे आहे. त्यात बाळ येशू नाही, गव्हाणी नाही, नाताळचे नावही नाही. मुलांनी ते जरूर गावे. परंतु धानाच्या मळणीच्या दिवसांत येणारा आपला नाताळ स्वतःच्या भाषेत काय गातो, याचाही विचार व्हावा. म्हणून आज आम्ही रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्मरण करीत आहोत.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृतचा त्यांचा व्यासंग मोठा होता. काही काळ ते नागपुरात होते. तेथून रेल्वेने राजनांदगावला जाताना एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार भेट दिला. हा लोहमार्ग आपल्याच भंडारा रोड आणि तुमसर रोडवरून जातो! पुढे प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत मोठी होती. नातलग दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा यांची कित्येक वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने ख्रिस्त स्वीकारला. ही सारी कहाणी त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आहे.

अहमदनगरला टिळकांनी अमेरिकन मिशनऱ्यांबरोबर काम केले. त्या काळी उपासनेतील अनेक गीते पाश्चात्त्य चालींवर बेतलेली असत. शब्द मराठी, पण चाल परकी. टिळकांनी अभंग, ओवी, पदे आणि भजने लिहिली. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, असे ते मानीत. कीर्तनातूनही त्यांनी शुभवर्तमान सांगितले. प्रभूचे संपूर्ण चरित्र ‘ख्रिस्तायन’ या काव्यात गाण्याचा त्यांचा संकल्प होता. परंतु ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

टिळक आपल्या कॅथलिक महामंडळाचे नव्हते. तरीही त्यांचा वारसा आपलाही आहे. देहधारणाचा अर्थ काय? देव एका विशिष्ट लोकांत, एका मातेच्या कुशीत जन्मला आणि तिचीच भाषा बोलायला शिकला. मग आपली भाषा ही श्रद्धेवर वरून घातलेला पोशाख कशी असेल? श्रद्धा तिच्यातच देह धारण करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे सांगितले.

परदेशी गीते टाकून द्या, असे आमचे म्हणणे नाही. ‘सायलेंट नाइट’ हेही मुळात ऑस्ट्रियातील एका खेड्याने आपल्या भाषेत गायिलेले गीत आहे. तसेच आपणही गावे. येत्या मध्यरात्रीच्या मिस्सात पेटी-तबल्याच्या साथीने निदान एक मराठी भजन व्हावे. आजीला ते कळावे, नातवाला पाठ व्हावे आणि शेजारच्या घरातील हिंदू बांधवालाही आज कोणाचा जन्म झाला हे उमगावे.

बाळ येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.