सर हेन्री वुड : सामान्य माणसाला संगीताच्या दारात आणणारा संचालक



आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. युरोपात मात्र ऑर्केस्ट्रा म्हणजे साठ, सत्तर, कधी शंभर वादकांचा वाद्यवृंद. हे संगीत फक्त श्रीमंतांचं आणि जाणकारांचं, असं आपल्याला वाटतं. पण लंडनमध्ये दर उन्हाळ्यात प्रॉम्स नावाचा संगीत महोत्सव भरतो. तिथे गेलात तर रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अगदी मंचासमोर, सर्वांत मोक्याच्या जागी, खुर्च्याच दिसणार नाहीत. तिथे स्वस्त तिकीट काढलेले शेकडो लोक उभे राहून ऐकत असतात. ही प्रथा ज्यांच्यामुळे रुजली, त्या हेन्री वुड यांची आज ओळख करून घेऊ.

हेन्री वुड यांचा जन्म 3 मार्च 1869 रोजी लंडनमध्ये झाला. घर दुकानदाराचं, पण आईवडील दोघांनाही संगीताची आवड. मुलगा लहान वयातच ऑर्गन वाजवू लागला. पुढे रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये त्याचं शिक्षण झालं.

1893 मध्ये लंडनला क्वीन्स हॉल हे नवं सभागृह उघडलं. त्याचे व्यवस्थापक रॉबर्ट न्यूमन यांच्या मनात एक योजना होती. आधी लोकांना आवडणाऱ्या सोप्या रचना ऐकवायच्या, मग हळूहळू पायरी चढवत त्यांना मोठ्या संगीताकडे न्यायचं. सोप्याकडून अवघडाकडे! आपण वर्गात हेच करतो ना? न्यूमन यांनी संचालक म्हणून 26 वर्षांच्या वुड यांना निवडलं. पैसा दिला घशाचे डॉक्टर जॉर्ज कॅथकार्ट यांनी. गायकांच्या गळ्यावर ताण पडू नये म्हणून वाद्यांची पट्टी खाली आणायची, ही त्यांची अट होती.

10 ऑगस्ट 1895 रोजी पहिला कार्यक्रम झाला. उभं राहून ऐकायला एक शिलिंग, आणि पूर्ण हंगामाचा पास एक गिनी, म्हणजे 21 शिलिंग. प्रॉमेनेड म्हणजे फेरफटका, त्यावरून प्रॉम्स हे नाव पडलं. खाणंपिणं, धूम्रपान, सगळ्याला मुभा होती. सुरुवातीला कार्यक्रमाचा उत्तरार्ध हलक्याफुलक्या गाण्यांचा असे. पुढे सोमवार वॅग्नरच्या रचनांचा आणि शुक्रवार बीथोव्हनचा ठरला, आणि लोक त्यालाही येऊ लागले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. वुड यांनी तिकीट स्वस्त ठेवलं, पण वादनाचा दर्जा कधी स्वस्त होऊ दिला नाही. सरावाला वेळ थोडा आणि कार्यक्रम जवळजवळ रोज, तरी वाद्यं सुरात लागली आहेत की नाही, हे ते कटाक्षाने तपासत. तेव्हा लंडनमध्ये सरावाला एक वादक आणि कार्यक्रमाला त्याचा बदली वादक, अशी पद्धत होती. 1904 मध्ये वुड आणि न्यूमन यांनी ती बंद केली. सुमारे 40 वादक सोडून गेले आणि त्यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. वुड यांनी मनात राग धरला नाही. त्या नव्या वाद्यवृंदाच्या पहिल्या कार्यक्रमाला ते स्वतः ऐकायला गेले!

श्रोत्यांना फक्त ओळखीचंच ऐकवायचं, हेही त्यांना मान्य नव्हतं. 1912 मध्ये त्यांनी शोनबर्गची अगदी नव्या धाटणीची रचना सादर केली, तेव्हा प्रेक्षकांतून निषेधाचे आवाज उठले. तरीही नव्या संगीतकारांना संधी देणं त्यांनी थांबवलं नाही. 1913 मध्ये त्यांनी आपल्या वाद्यवृंदात सहा स्त्री वादक घेतल्या. त्या काळी हे धाडसच होतं.

अमेरिकेतून मोठी पदं चालून आली, पण त्यांनी लंडन सोडलं नाही. 1926 मध्ये न्यूमन गेले. महोत्सव बंद पडतो की काय अशी वेळ आली, पण 1927 मध्ये बीबीसीने तो हाती घेतला आणि हे संगीत रेडिओवरून घराघरांत पोहोचलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. मे 1941 मध्ये बॉम्बहल्ल्यात क्वीन्स हॉल जळून गेला. सत्तरी ओलांडलेले वुड थांबले नाहीत. त्याच उन्हाळ्यात प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये भरले. 1944 मध्ये, महोत्सवाच्या पन्नासाव्या हंगामात, पुन्हा बॉम्ब पडू लागले आणि वाद्यवृंदाला बेडफर्ड गावी जावं लागलं. तिथे 28 जुलैला त्यांनी बीथोव्हनची सातवी सिम्फनी सादर केली. ती शेवटचीच ठरली. 19 ऑगस्ट 1944 रोजी त्यांचं निधन झालं.

क्वीन्स हॉलच्या ढिगाऱ्यातून त्यांचा ब्राँझचा अर्धपुतळा मात्र वाचला. आजही प्रॉम्सच्या हंगामात तो वाद्यवृंदाच्या मागे ठेवतात, आणि शेवटच्या रात्री त्याला पानांचा हार घालतात.

मित्रांनो, हे आपल्या मुलांना झेपणार नाही, असं आपण किती सहज म्हणून टाकतो. कविता असो, गणित असो की शास्त्रीय गाणं. वुड यांनी एक शिलिंग देणाऱ्या माणसाबद्दल तसं कधी म्हटलं नाही. त्यांनी पायऱ्या सोप्या केल्या, शिखर मात्र खाली आणलं नाही. उद्या वर्गात जाताना एवढं आठवलं तरी पुष्कळ झालं.