नूर इनायत खान

विद्यार्थी मित्रांनो, टिपू सुलतानचा इतिहास तुम्ही वाचला आहे. त्याच्या वंशातील एक मुलगी त्याच्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, दूर युरोपात, शत्रूच्या हाती सापडून मरण पावली. तिचे नाव नूर-उन-निसा. तुम्ही उर्दू जाणता, तेव्हा या नावाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको.

नूरचे वडील हजरत इनायत खान हे मूळचे बडोद्याचे. ते नामांकित गायक होते आणि सूफी विचारांचे उपदेशक होते. त्यांचे आजोबा मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा काढली होती. 1910 साली इनायत खान परदेशी गेले. तेथे त्यांनी एका अमेरिकन तरुणीशी विवाह केला. 1 जानेवारी 1914 रोजी मॉस्को येथे नूरचा जन्म झाला. तिचे बालपण लंडनमध्ये आणि नंतर पॅरिसजवळ गेले. खोटे बोलू नये, कोणाला दुखवू नये, ही शिकवण तिला घरातच मिळाली.

नूर तेरा वर्षांची असताना वडील वारले. आई दुःखाने खचून गेली. तीन धाकट्या भावंडांना नूरने सांभाळले. ती वीणा वाजवी, मुलांसाठी गोष्टी लिही. 1939 साली तिचे जातककथांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मन फौजा फ्रान्समध्ये शिरल्या. 1940 साली नूरचे कुटुंब इंग्लंडला निघून गेले.

नूरपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. अहिंसा मानणाऱ्या घरातील मुलीने युद्धात भाग घ्यावा काय? पण अन्याय होत असताना स्वस्थ बसणे तिला पटेना. ती हवाई दलाच्या महिला विभागात दाखल झाली आणि बिनतारी संदेश पाठवण्याचे काम शिकली. अधिकारपदासाठी तिची मुलाखत झाली, तेव्हाही तिने मनातले लपवले नाही. युद्ध संपल्यावर आपण भारताच्या स्वातंत्र्याची बाजू घेऊ, असे तिने इंग्रज अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितले.

पुढे तिला गुप्त कामासाठी निवडण्यात आले. पण शिक्षकांना तिच्याविषयी शंका वाटे. ती शस्त्रांना घाबरे. तिला खोटे बोलणे जमत नसे. तरीही जून 1943 मध्ये तिला विमानाने फ्रान्समध्ये उतरवण्यात आले. तिचे गुप्त नाव होते मॅडलीन.

थोड्याच दिवसांत तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. लंडनने तिला परत बोलावले. पण पॅरिसमध्ये संदेश पाठवणारे दुसरे कोणी उरले नव्हते, म्हणून ती परतली नाही. जड यंत्राची पेटी घेऊन ती घरे बदलत राहिली. ऑक्टोबरमध्ये कोणीतरी फितुरी केली आणि ती पकडली गेली.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. दंतकथांमधली नूर कधी चुकत नाही. खरी नूर चुकली होती. पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिने वहीत ठेवल्या होत्या. ती वही शत्रूला मिळाली. तिच्या आधारे जर्मनांनी नूरच्या नावाने लंडनला संदेश पाठवले आणि लंडनचे अधिकारी फसले. त्यामुळे नवे हेर थेट शत्रूच्या हाती उतरले. त्यांतील एक तरुणी पुढे नूरबरोबरच मारली गेली.

पण नूरने तोंडाने कोणाचेही नाव सांगितले नाही. तिने दोनदा पळून जाण्याचा प्रयत्न केला. पुन्हा पळणार नाही, असे लिहून दिले असते तर तिचे हाल कमी झाले असते. पण पाळायचे नाही ते वचन देणे तिला मान्य नव्हते. तिला जर्मनीतील तुरुंगात हातापायांत बेड्या घालून एकटे ठेवण्यात आले. 13 सप्टेंबर 1944 रोजी दाखाऊ येथील छळछावणीत तिला इतर तीन स्त्रियांसह गोळी घालण्यात आली. तेव्हा ती तीस वर्षांची होती. तिच्याकडून काहीही माहिती मिळाली नाही, असे चौकशी करणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यानेच युद्धानंतर कबूल केले.

1949 साली ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. फ्रान्सनेही तिचा गौरव केला. 2012 साली लंडनमध्ये तिचा अर्धपुतळा उभारण्यात आला.

मित्रांनो, नूर निर्भय होती, असे लोक म्हणतात. पण तिला भीती वाटत होती, हे तुम्ही वाचलेच. भीती वाटणे हा दोष नाही. ज्या मुलीला खोटे बोलता येत नाही म्हणून शिक्षक नापसंत करीत, तिने मरेपर्यंत दुसऱ्यांचे रहस्य जपले. वर्गातील एखाद्या अबोल, घाबरट मुलाला तुम्ही कमी लेखाल, तेव्हा नूरची आठवण करा.