गिरणगावाचा शेजारी

मैत्रिणींनो, ५ जून म्हटलं की आपल्या कर्जत-खालापूरच्या महिला मंडळांना आठवतो पर्यावरण दिन. रोपं लावायची, फोटो काढायचा, चहा-बिस्कीट झालं की घरी. मीही वर्षानुवर्षं हेच करत आले. पण याच तारखेला, १८७९ साली, आपल्या रायगड जिल्ह्यात एक मोठा माणूस जन्मला. गाव गोरेगाव. मुंबईचं नव्हे हं, माणगाव तालुक्यातलं! त्यांचं नाव नारायण मल्हार जोशी. करी रोडला उतरलं की ज्याला जुनी माणसं डिलाईल रोड म्हणतात, तो ना. म. जोशी मार्ग यांच्याच नावाचा.

माझे आजेसासरे परळच्या गिरणीत होते. गावाकडे मनीऑर्डर यायची, ते स्वतः शिमग्या-गणपतीलाच यायचे. कोकणातून, घाटावरून अशी हजारो माणसं मुंबईत गेली आणि चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहिली. त्यांच्या घामाचं सगळ्यांना हवं होतं, पण त्यांची विचारपूस करणारं कोण होतं?

जोशी पुण्यात शिकले, काही वर्षं त्यांनी मास्तरकी केली. १९०९ मध्ये ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले. म्हणजे कमाईची वाट सोडून जन्मभराच्या सेवेची धरली. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली.

त्या काळात परदेशातही असं काम चाललं होतं. लंडनला १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल उभा राहिला. शिकागोत जेन ॲडम्स या बाईंनी १८८९ मध्ये हल हाऊस सुरू केलं. परक्या देशांतून आलेल्या कामगारांच्या वस्तीतच राहायचं, त्यांचे शेजारी व्हायचं, ही त्यामागची कल्पना. आपल्या मुंबईत नागपाड्यालाही असंच नेबरहूड हाऊस झालं. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ मध्ये तिथेच सुरू झाली.

जोशींच्या लीगचं कामही या जातकुळीचं. गिरणी सुटल्यावर शिकता यावं म्हणून रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने, पाळणाघरं. सावकाराच्या तावडीतून सुटावं म्हणून सहकारी पतपेढ्या. कोर्टकचेरीत अडकलेल्याला सल्ला, पोरांना व्यायामशाळा आणि चाळकऱ्यांसाठी मोकळ्या हवेतल्या सहलीसुद्धा! परळचं दामोदर नाट्यगृह लीगच्याच आवारातलं. गिरणी कामगारांची कितीतरी नाटकं तिथे रंगली.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती त्यांची एक हार.

गिरणीत बायकाही होत्या. दिवसभर सूत गुंडाळायचं, वर घरचं रांधणं-धुणं. तान्हं मूल झोपून राहावं म्हणून कित्येक आया त्याला अफूची गोळी चाटवायच्या. बाळंतपणात घरी बसलं की पगार बंद, मग ओल्या अंगाने पुन्हा कामावर.

१९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तिथे गेले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती आणि मदत मिळावी, असा ठराव तिथे झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत आयटक ही देशातली पहिली मोठी कामगार संघटना उभी राहिली, त्यातही जोशी पुढे होते. मग ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले आणि १९२४ मध्ये त्यांनी तिथे बाळंतपणाच्या रजेचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं!

जोशी चिडून घरी बसले नाहीत. संघटनेतल्या जहाल मंडळींना त्यांचा सबुरीचा मार्ग मिळमिळीत वाटे. त्या वादात १९२९ मध्ये संघटना फुटली, पण त्यांनी काम सोडलं नाही. त्याच १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, देशातला पहिला. साऱ्या देशासाठीचा कायदा यायला मात्र १९६१ साल उजाडलं. तो पाहायला जोशी नव्हते. ३० मे १९५५ ला ते गेले होते.

हे सगळं मला का आठवलं, सांगते. आमच्या भागातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्टीवर जातात. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने, नवरा-बायकोची मिळून. हिशेबाच्या वहीत नाव नवऱ्याचं. एकदा अशाच एका भट्टीवर बचत गटाच्या कामाने गेले होते. आठ दिवसांची बाळंतीण चिखल तुडवत होती. पोर साडीच्या झोळीत. मी मालकाशी बोलले, तर ही बाई माझ्याकडे कामाला नाहीच, म्हणून तो मोकळा! वहीत नावच नाही, तर कायदा २६ आठवड्यांच्या रजेचा असो नाहीतर वर्षाच्या, तिला काय त्याचं?

मी त्या दिवशी हात हलवत परत आले. पण पुढच्या हंगामात आम्ही बायका भट्ट्या सुरू होण्याआधीच वाडीवर गेलो. कोण कुठल्या भट्टीवर चाललं, कोणाला कितवा महिना, हे आमच्या वहीत लिहून घेतलं आणि आशाताईंना कळवलं. काम इवलंसंच, पण निदान एका वहीत तरी त्या बायकांची नावं आली.

येत्या ५ जूनला रोप जरूर लावू या. पण त्याआधी शेजारच्या वाडीवर एक चक्कर मारायला काय हरकत आहे?