विश्लेषण : जंगल खात्याने आपला खर्च आपणच भागवायचा, ही अट आली कुठून? डीट्रिश ब्रँडिस यांच्या आयुष्यात सापडणारे उत्तर

वन विभागाचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. सरकारने जंगलावर किती खर्च केला? आणि जंगलातून किती मिळवले? शाळा किंवा सरकारी दवाखान्यांना दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. जंगल खात्याला मात्र तो जन्मापासून चिकटलेला आहे. तो कसा चिकटला हे समजून घ्यायचे, तर १८६४ मध्ये जावे लागते. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात स्वतंत्र वन खाते उभे राहिले आणि त्याचे प्रमुख म्हणून एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. त्यांचे नाव डीट्रिश ब्रँडिस. जगभरातील वनशास्त्राचे विद्यार्थी त्यांना उष्ण कटिबंधातील वनशास्त्राचे जनक म्हणून ओळखतात.

ब्रँडिस कोण होते?

जन्म १८२४, गाव बॉन. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. ग्रीसच्या राजाचे सल्लागार म्हणून वडील काही काळ अथेन्सला होते, त्यामुळे मुलाचे बालपणही थोडे तिकडे गेले. पुढे कोपनहेगन, ग्योटिंगेन आणि बॉन येथे शिक्षण झाले. विषय वनस्पतिशास्त्र. म्हणजे ज्या कामासाठी त्यांचे नाव राहिले, त्याची पदवी त्यांच्याकडे नव्हतीच.

हिंदुस्थानशी संबंध आला तो सासरकडून. बंगालमधील सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या मुलीशी, रेचेल यांच्याशी, त्यांचा विवाह झाला. रेचेल यांची बहीण ब्रिटिश सेनाधिकारी हेन्री हॅवलॉक यांची पत्नी. या नात्यातून ब्रँडिस यांचे नाव गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांच्या कानावर गेले. दुसऱ्या ब्रह्मी युद्धानंतर, १८५२ मध्ये, इंग्रजांनी पेगू प्रांत ताब्यात घेतला होता. तिथल्या सागवानाचे काय करायचे, हे सांगणारा माणूस डलहौसींना हवा होता. १८५६ मध्ये ब्रँडिस पेगूच्या जंगलांचे अधीक्षक झाले.

हत्तीवर बसून केलेली मोजणी

त्याआधी शेजारच्या तेनासेरीम भागात काय झाले, हे सरकारने पाहिले होते. व्यापाऱ्यांना परवाने दिले गेले, त्यांनी नदीकाठचा चांगला साग कापून नेला आणि जंगल उघडे पडले. पेगूत तेच होऊ द्यायचे नव्हते. पण किती तोडायचे हे ठरवायला आधी किती आहे हे माहीत हवे. नकाशे धड नव्हते, पावसाळ्यात मलेरिया, माणसे मोजकी.

ब्रँडिस यांनी काढलेला मार्ग आजही कौतुक वाटावे असा आहे. ते हत्तीवर बसून डोंगराच्या धारेवरून, ओढ्यांच्या कडेने ठरावीक रेषेत जात. हातात बांबूचे तुकडे. सागाच्या झाडांचे त्यांनी खोडाच्या घेरावरून चार वर्ग पाडले होते. झाड दिसले की त्या वर्गाच्या बांबूवर चाकूने एक खाच. संध्याकाळी मुक्कामावर खाचा मोजायच्या आणि आकडे वहीत उतरवायचे. पावसात कागद भिजतो, बांबू भिजला तरी खाच जात नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला सॅम्पलिंग म्हणून जे शिकवतात ते हेच. सगळे जंगल मोजता येत नाही, म्हणून पट्टे मोजा आणि त्यावरून अंदाज बांधा.

पुढचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. सहा फूट किंवा त्याहून जास्त घेराचे झाड तोडणीलायक. त्याखालच्या वर्गातील झाडाला त्या घेरापर्यंत पोहोचायला सुमारे २४ वर्षे लागतात, असा अंदाज त्यांनी बांधला. दोन्ही वर्गांतील झाडांची संख्या साधारण सारखी आढळली. मग दरवर्षी मोठ्या झाडांपैकी चोविसावा भागच तोडायचा. २४ वर्षांनी खालची फळी वर आलेली असेल आणि जंगलाचे भांडवल शाबूत राहील. बँकेतील मुदत ठेवीला हात न लावता व्याजावर घर चालवावे, तसे. पेगूच्या लाकूड व्यापाऱ्यांना हे गणित अर्थातच आवडले नाही. एकदम मिळू शकणारा माल हे गृहस्थ २४ हप्त्यांत देत होते.

लागवडीसाठी त्यांनी स्थानिक पद्धतच वापरली. करेन लोक डोंगर उतारावर जंगल जाळून भात घेत, मग जागा सोडून पुढे सरकत. ब्रह्मी भाषेत या डोंगरशेतीला तौंग्या म्हणतात. भाताबरोबरच सागाची रोपे लावा, तुम्ही पुढे गेलात की मागे साग उभा राहील, असा तो व्यवहार. सरकारला स्वस्तात सागवान मिळाले. करेन कुटुंबांसाठी मात्र परत फिरायची जमीन त्या प्रमाणात कमी होत गेली, हेही नोंदवायला हवे.

रेल्वेला लाकूड का लागत होते?

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली प्रवासी गाडी धावली. १८६० पर्यंत देशात १,३४९ किलोमीटर रूळ पडले होते. १९१० मध्ये हा आकडा ५१,६५८ वर गेला. रुळाखाली लाकडी स्लीपर आणि ते डझनभर वर्षांत बदलायचे. पक्क्या स्लीपरसाठी, कोणतीही प्रक्रिया न करता टिकणारी झाडे मोजून तीन : साग, साल आणि देवदार. ठेकेदारांनी रेल्वेमार्गाच्या दोन्ही बाजूंची आणि हिमालयाच्या नदीखोऱ्यांतील जंगले झपाट्याने उतरवली. स्लीपर कमी पडतील, अशी भीती कोलकात्यात निर्माण झाली. ब्रँडिस यांना ब्रह्मदेशातून बोलावून घेतले गेले ते या पार्श्वभूमीवर. १८६४ मध्ये ते इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाले, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला.

थोडक्यात, निसर्ग वाचवावा म्हणून हे खाते काढलेले नव्हते. लाकडाचा पुरवठा तुटू नये म्हणून ते काढले होते.

खर्च कोण देणार?

नव्या खात्याला पैसा मागायचा तर कारण हवे. १८५७ च्या उठावानंतर तिजोरीवर ताण होता. पन्नास-शंभर वर्षांनी उपयोगी पडणाऱ्या झाडांसाठी आज पगार, चौक्या, रस्ते आणि सीमांकनाचा खर्च करा, हे कोणत्याही अर्थ खात्याला पटवणे कठीण. ब्रँडिस यांची मांडणी त्यामुळे सरळ होती. शास्त्रशुद्ध तोडणी केली तर जंगल टिकते आणि उत्पन्नही देते, त्या उत्पन्नातून खाते चालेल आणि वर शिल्लक राहील.

ती शिल्लक राहिलीही. १८६९-७० ते १८७३-७४ या पाच वर्षांत खात्याचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे ५६ लाख रुपये होते. खर्च वजा जाता सुमारे १७ लाख उरत, म्हणजे उत्पन्नाच्या ३० टक्के.

या आकड्यांनी खाते वाचवले. त्याचबरोबर त्याला एक सवय लावली. ज्या झाडाला बाजार आहे ते झाड महत्त्वाचे आणि ज्याला नाही ते किरकोळ. साग आणि साल जपायचे. चारा, सरपण, मोह, कंदमुळे यांची पावती फाटत नाही, म्हणून ती हिशेबाच्या वहीत नगण्य. गावकऱ्याची शेळी आणि कुऱ्हाड वहीत दिसायची ती नुकसान म्हणून. गंमत अशी, की ब्रँडिस यांना स्वतःला हे एवढे साधे वाटत नव्हते.

१८७८ चा कायदा : त्यांना काय हवे होते, काय झाले?

देशभर फिरताना त्यांनी गावांनी राखलेली जंगले पाहिली. कुर्ग आणि राजपुतान्यातील देवाच्या नावाने सोडलेल्या राया त्यांनी नोंदवून ठेवल्या. आपल्याकडच्या देवराया त्याच जातीच्या. ज्यांना जंगलाचा उपयोग आहे तेच ते राखू शकतात, हे त्यांना मान्य होते. म्हणून मोक्याची जंगले सरकारने घ्यावीत आणि बाकीची गावांच्या ताब्यात द्यावीत, अशी त्यांची भूमिका होती. युरोपातही गावांची सामाईक जंगले होतीच.

विरोधात उभे होते बेडन-पॉवेल हे पंजाबमधील सनदी अधिकारी. पडीक आणि जंगल जमीन पूर्वीपासून राजाची, लोक वापरतात ते केवळ त्याच्या मेहेरबानीने, तो हक्क नव्हे, असे त्यांचे म्हणणे. तिसरा आवाज मद्रास सरकारचा. जंगले पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या गावांचीच आहेत, असे सांगून त्याने केंद्राचा मसुदाच नाकारला.

ब्रँडिस यांनी मधली वाट धरली आणि कायदा झाला. त्यात जंगलाचे तीन प्रकार होते : राखीव, संरक्षित आणि ग्रामवन. कागदावर तिन्ही उभे होते. प्रत्यक्षात सरकारने राखीव वनांवर भर दिला. १८७८ मध्ये सरकारी जंगल सुमारे १४,००० चौरस मैल होते, १९०० मध्ये एकट्या राखीव वनांचे क्षेत्र सुमारे ८१,४०० चौरस मैल झाले. ग्रामवनाचे कलम बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहिले. सरकारला त्यातून उत्पन्न मिळणार नव्हते, मग त्यावर माणूस आणि पैसा कोण लावणार? माझ्या मते ब्रँडिस यांची खरी हार इथे आहे. कायद्याच्या भाषेत ते अर्धे जिंकले होते, ताळेबंदाने ते पुसून टाकले.

महाराष्ट्रात त्याची झळ कशी बसली?

जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मधला. कर्ज, शेतसारा आणि कोर्टकचेऱ्यांच्या जोडीने त्यांनी जंगल खात्यालाही धारेवर धरले. डोंगर, दऱ्या, गायराने खात्याने घशात घातल्यावर शेतकऱ्याच्या शेळ्या-मेंढ्यांनी जायचे कुठे, हा त्यांचा मुद्दा होता.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तंटा राबाचा होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला डहाळ्या आणि पालापाचोळा लागतो. तो आणायचा जंगलातून आणि जंगल आता सरकारचे. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला.

तोवर ब्रँडिस इथे नव्हते. १८७८ मध्ये डेहराडूनला वनशिक्षणाची शाळा त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. १८८३ मध्ये ते निवृत्त होऊन बॉनला परतले.

अमेरिकेपर्यंत ही पद्धत कशी पोहोचली?

१८८९ च्या सुमारास गिफर्ड पिंचो नावाचा तरुण अमेरिकन त्यांना भेटायला आला. अमेरिकेत तेव्हा वनशास्त्र शिकवणारी संस्था नव्हती. ब्रँडिस यांनी त्याला फ्रान्समधील नान्सीच्या वनविद्यालयात जायला सांगितले, युरोपातील जंगले स्वतः हिंडून दाखवली आणि पुढे अनेक वर्षे पत्रांतून मार्गदर्शन केले. १९०५ मध्ये पिंचो अमेरिकी वन सेवेचे पहिले प्रमुख झाले. १९०६ पासून सरकारी जंगलात जनावरे चारण्यासाठी शुल्क लागले आणि आपली सेवा स्वतःचा खर्च भागवेल, असे आश्वासन पिंचो त्यांच्या संसदेला देत राहिले. पेगूत बांबूवर पडलेल्या खाचांचा माग असा वॉशिंग्टनपर्यंत जातो.

आज ही अट आहे का?

कागदावर नाही. पर्यावरण व वन मंत्रालय १९८५ मध्ये स्थापन झाले. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात पर्यावरणाचा समतोल हे मुख्य उद्दिष्ट ठरले, आर्थिक लाभ त्याच्या खालच्या पायरीवर गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाच्या सामूहिक हक्काला मान्यता दिली. २००९ मध्ये गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला तो मिळाला. पण मग गावाने आपला बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना कोण देणार, यावरून वाद झाला. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. हक्क मान्य झाला तरी पावतीपुस्तक सोडायला खात्याला आणखी दोन वर्षे लागली होती.

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात कलम २८ अजून आहे. ते ग्रामवनाचे.

ब्रँडिस यांनी म्हातारपणी पुन्हा वनस्पतिशास्त्र हाती घेतले. लंडनजवळच्या क्यू उद्यानातील वाळवलेले नमुने तपासत त्यांनी ‘इंडियन ट्रीज’ हा ग्रंथ पुरा केला. चार हजारांहून अधिक झाडे, झुडपे, वेली, बांबू आणि ताडवर्गीय वनस्पती त्यात आहेत. सागाइतकीच काळजीने तिथे कसलाही बाजारभाव नसलेल्या झुडपांची पाने आणि फुले वर्णन केलेली आहेत. ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात, वयाच्या ८३ व्या वर्षी, बॉनमध्ये त्यांचे निधन झाले.