गोदाकाठचा बंदा

अकोल्याहून दक्षिणेकडे निघालेली रेल्वेगाडी जऊळका, वाशीम, हिंगोली ही स्थानके मागे टाकीत पूर्णेला पोहोचते आणि तेथून नांदेडची वाट धरते. उत्तरेतून अकोलामार्गे नांदेडला जाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्यांतून दिसणारे पगडीधारी यात्रेकरू जऊळका परिसराला नवे नाहीत. हजूर साहिबचे दर्शन हे त्यांच्या प्रवासाचे प्रयोजन. १७०८ साली स्वतः गुरू गोविंदसिंगही बऱ्हाणपुराहून याच वऱ्हाडच्या मुलखातून बादशहा बहादूरशहाच्या लष्कराबरोबर गोदावरीकडे आले होते. त्यांचे देहावसान नांदेडला झाले, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच नांदेडहून, त्याच वर्षी, एक बैरागी पंजाबकडे निघाला आणि अवघ्या आठ वर्षांत त्याने मोगल सत्तेचा उत्तरेतील पाया हलवून दिल्लीत हौतात्म्य पत्करले, याचे स्मरण मराठी मनाला क्वचितच होते. बंदासिंग बहादूर हे त्याचे नाव. आयुष्याची जवळजवळ सतरा वर्षे तो गोदावरीच्या पाण्यावर जगला होता.

त्याचा जन्म २७ ऑक्टोबर १६७० रोजी जम्मूच्या डोंगराळ मुलखातील राजौरी येथे झाला. मूळ नाव लक्ष्मणदेव, वडील रामदेव, कूळ रजपुताचे. घोडेस्वारी, तिरंदाजी आणि शिकार यांत तो लहानपणापासून रमलेला होता. परंपरा अशी सांगते, की वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या बाणाने एक हरिणी पडली. ती गाभण होती. पोटातील पाडसे डोळ्यांदेखत तडफडून मेली आणि तो कोवळा शिकारी आतून उन्मळून पडला. घर सोडून तो बैराग्यांच्या संगतीत गेला, माधोदास झाला आणि तीर्थाटन करीत दक्षिणेकडे सरकत नाशिकला, पंचवटीत आला. तेथे औघडनाथ नावाच्या वृद्ध योग्याची त्याने सेवा केली, योग आणि तंत्रमंत्र यांचे ज्ञान मिळवले. गुरूच्या निधनानंतर, १६९१च्या सुमारास, गोदावरीच्याच काठाने पुढे जात त्याने नांदेडला आपला मठ थाटला.

नांदेडचा हा माधोदास काही निरिच्छ साधू नव्हता. रक्त पाहून संसार सोडला, हे खरे. पण सोडलेल्या संसाराच्या जागी त्याने सिद्धींचा एक छोटासा दरबार उभा केला होता. शिष्य होते, लौकिक होता, आल्यागेल्या साधूंना चमत्कार दाखवून त्यांची फजिती करण्याची हौसही होती, असे शीख परंपरेतील वर्णने सांगतात. मठात त्याचा एक पलंग असे. त्यावर कोणी परका बसला, तर मंत्रबळाने तो उलथवला जाई, अशी त्याची ख्याती होती.

सप्टेंबर १७०८च्या आरंभी गुरू गोविंदसिंग या मठात गेले. माधोदास बाहेर होता. गुरू सरळ जाऊन त्या पलंगावर बसले, त्यांच्या शिखांनी आवारातील बकरे कापून रांधायला घेतले. वार्ता कळताच माधोदास संतापून धावत आला. सारे मंत्र पणाला लावले. पलंग हलला नाही. पुढची हकिगत पंजाबातील घराघरांत सांगितली जाते. तू कोण, असे गुरूंनी विचारले आणि आपण आपला बंदा, म्हणजे दास, असे उत्तर त्याने दिले. त्या एका शब्दाने त्याचे उर्वरित आयुष्य ठरले. लक्ष्मणदेव आणि माधोदास ही दोन्ही नावे मागे पडली. त्याला गुरबक्षसिंग असे नाव दिल्याचेही सांगतात; परंतु इतिहासाने त्याला बंदा म्हणूनच ओळखले. त्याला रीतसर अमृत दिले होते किंवा नाही, यावर पुढे पंडितांत पुष्कळ काथ्याकूट झाला. त्याच्या पुढील आचरणापुढे तो वाद निरर्थक ठरतो.

कारण या भेटीत घडले ते केवळ पंथांतर नव्हते. हरिणीच्या मृत्यूने जो तरुण शस्त्र टाकून पळाला होता, त्याच्यासमोर आता असा पुरुष उभा होता, ज्याचे वडील दिल्लीच्या चांदणी चौकात मारले गेले होते आणि ज्याच्या चारही पुत्रांनी प्राण दिले होते. थोरले दोघे चमकौरच्या लढाईत पडले. धाकटे जोरावरसिंग आणि फतेहसिंग ही तर निव्वळ बालके. सरहिंदचा फौजदार वजीरखान याने त्यांना भिंतीत चिणण्याचा हुकूम दिला आणि अखेर त्यांची हत्या केली. इतके भोगूनही या पुरुषाने संसाराकडे पाठ फिरवली नव्हती. दुःखापासून दूर जाणे म्हणजे वैराग्य, ही माधोदासाची समजूत त्या दिवशी मोडली. शस्त्र पुन्हा हाती आले, पण या वेळी ते स्वतःच्या हौसेसाठी नव्हते.

गुरूंनी त्याला भात्यातील पाच बाण दिले, निशाण आणि नगारा दिला, बिनोदसिंग, काहनसिंग, बाजसिंग यांच्यासारखे पाच सल्लागार आणि वीसेक शीख सोबत दिले आणि पंजाबातील संगतींच्या नावाने हुकुमनामे दिले. याच सुमारास गुरूंवर एका पठाणाने खंजिराने वार केला. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांनी देह ठेवला, आणि त्यापूर्वी ग्रंथसाहिबालाच यापुढे गुरू मानण्याची आज्ञा दिली. त्या ग्रंथात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. ज्या नामदेवांचे जन्मस्थान म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नर्सी सांगितली जाते, त्यांनी चार शतकांपूर्वी भक्ती घेऊन पंजाबची वाट तुडवली होती. आता त्याच टापूतून बंदा निघाला. त्याच्याजवळ पाच बाण होते.

सैन्य म्हणावे असे काहीच नव्हते. दिल्लीच्या पलीकडे पोहोचल्यावर हुकुमनामे गावोगाव गेले आणि शेतकरी, सुतार, चर्मकार, व्यापारी अशी माणसे मिळेल ते हत्यार घेऊन येऊ लागली. नोव्हेंबर १७०९मध्ये समाना पडले. गुरू तेगबहादूरांवर शस्त्र चालवणारा जल्लाद याच गावचा. त्यानंतर सढौरा. तेथील अधिकारी उस्मानखान याने पीर बुद्धूशहाचा छळ केला होता. हा पीर मुसलमान, परंतु गुरूंच्या बाजूने लढताना त्याने आपले पुत्र गमावले होते. बंदाच्या सूडाच्या यादीत एका मुसलमान संताच्या छळाचाही हिशेब होता, ही गोष्ट त्याच्याकडे एकाच चष्म्यातून पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

१२ मे १७१० रोजी चप्पडचिडीच्या मैदानावर वजीरखानाशी गाठ पडली. तोफा आणि हत्ती त्याच्याकडे, बंदाकडे भाले, तलवारी आणि गुरूंचे बाण. वजीरखान रणांगणातच मारला गेला आणि दोन दिवसांनी सरहिंद शिखांच्या हाती आले. नगराची लूट झाली, रक्तपातही झाला. मोगल बखरकारांनी तो भडक रंगवला आहे, तर श्रद्धाळू चरित्रकार त्यावरून घाईने पुढे जातात. सत्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असावे. वर्षानुवर्षे दाबून ठेवलेला क्षोभ उसळतो, तेव्हा सेनापतीच्या आज्ञा नेहमीच पाळल्या जात नाहीत.

बंदाच्या निष्ठेची कसोटी मात्र विजयानंतर लागली. सतलज आणि यमुना यांच्यामधला मोठा प्रदेश हाती आला होता. शिवालिकच्या पायथ्याशी मुखलिसपूरचा किल्ला दुरुस्त करून त्याने त्याला लोहगड म्हटले आणि राजधानी केली. नाणी पाडली. आपल्या नावाची द्वाही फिरवण्याचा मोह त्या काळच्या कोणत्या विजेत्याला झाला नसता? बंदाने नाण्यावर नाव घातले ते गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांचे. मुद्रेवरही तेच. स्वतःकडे त्याने बंदा हे नाव ठेवले. जमिनीच्या बाबतीतही त्याचे पाऊल काळाच्या फार पुढचे होते. मोठ्या जमीनदारांचे अधिकार मोडून काढून कसणाऱ्यालाच त्याने जमिनीचा धनी केले. पंजाबातील शेतकरी आज ताठ मानेने वावरतो, त्याचे एक मूळ या काही महिन्यांच्या राजवटीत शोधले जाते. आणि १७११च्या एप्रिलमधील दरबारी बातमीपत्रात असे नोंदलेले आहे, की कलानौरच्या मुक्कामी पाच हजार मुसलमान त्याच्या सैन्यात दाखल झाले होते आणि त्यांना बांग व नमाज यांची पूर्ण मोकळीक होती. ही नोंद शत्रुपक्षाची आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

बहादूरशहा दक्षिणेतून तातडीने उत्तरेला परतला. डिसेंबर १७१०मध्ये लोहगडाला प्रचंड फौजेचा वेढा पडला. गुलाबसिंग नावाच्या शिखाने बंदाचा पोशाख चढवून मागे राहण्याचे पत्करले आणि बंदा रात्री वेढा फोडून डोंगरात निसटला. बादशाही सरदारांच्या हाती लागला तो हा तोतया. पन्हाळ्याचा शिवा काशीद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना गुलाबसिंगाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

पुढील चार-पाच वर्षे तो डोंगर आणि मैदान यांच्या मधोमध लढत राहिला. चंबाच्या राजघराण्यातील कन्येशी त्याचा विवाह झाला, अजयसिंग हा पुत्र झाला. ज्याने पंधराव्या वर्षी घर सोडले, त्याने चाळिशीत संसार मांडला. १७१२मध्ये बहादूरशहा वारला. पुढील वर्षी तख्तावर आलेल्या फर्रुखसियरने लाहोरचा सुभेदार अब्दुस्समदखान याला बंदाचा नायनाट करण्यासाठीच नेमले. एप्रिल १७१५मध्ये गुरदासपूरजवळच्या गुरदास नंगल येथे एका वाड्यात बंदा आपल्या माणसांसह कोंडला गेला. वेढा आठ महिने चालला. धान्य संपले, घोडे, गाढवे खाऊन झाली, झाडाची पाने आणि साली वाटून, हाडे कुटून त्यांचे पीठ खाण्याची वेळ आली. याच काळात बिनोदसिंगाशी मतभेद विकोपाला गेले. आत राहून झुंजायचे की बाहेर पडायचे, हा वाद. नांदेडहून बरोबर निघालेला हा ज्येष्ठ सहकारी अखेर वेढ्यातून बाहेर पडला. बंदाने त्याची वाट अडवली नाही. डिसेंबर १७१५मध्ये मोगल सैन्य आत शिरले, तेव्हा समोरच्या सांगाड्यांना तलवार उचलण्याचेही बळ उरलेले नव्हते.

फेब्रुवारी १७१६च्या अखेरीस दिल्लीने ती मिरवणूक पाहिली. भाल्यांवर टोचलेली सुमारे दोन हजार मस्तके, हत्तीवर लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यात बंदा, आणि मागे उंटांवर जखडलेले सातशेहून अधिक कैदी. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचे वकील जॉन सर्मन आणि एडवर्ड स्टीफन्सन दिल्ली दरबारात होते. मार्चमध्ये त्यांनी कलकत्त्याला धाडलेल्या पत्रात कैद्यांचे रोज शंभरांच्या हिशेबाने शिरच्छेद होत असल्याचे कळवले आणि धर्म सोडून जीव वाचवायला एकही जण तयार झाला नाही, याची आश्चर्याने नोंद केली. खाफीखान या मोगल इतिहासकाराने एका कोवळ्या मुलाची हकिगत दिली आहे. त्याच्या आईने खटपट करून सुटकेचा हुकूम आणला. मुलगा शीख नाहीच, असे तिने सांगितले होते. मुलाने आई खोटे बोलते असे सांगितले आणि तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

बंदाला मात्र तीन महिने राखून ठेवले गेले. त्याच्याकडून लपवलेल्या धनाचा आणि साह्यकर्त्यांचा ठाव काढायचा होता. ९ जून १७१६ रोजी त्याला मेहरौलीला, ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याजवळ नेण्यात आले. इस्लाम किंवा मृत्यू, हा पर्याय पुढे ठेवला गेला. नकार मिळताच सुमारे चार वर्षांचा अजयसिंग त्याच्या मांडीवर देऊन मुलाला स्वतः मारण्यास फर्मावले. त्याने हात उचलला नाही. जल्लादाने मुलाचे तुकडे केले आणि त्याचे काळीज बापाच्या तोंडात कोंबले. बंदा हलला नाही. त्यानंतर डोळे काढले गेले, हातपाय तोडले गेले, तापलेल्या सांडशींनी मांस ओढले गेले. एका हरिणीच्या पाडसांची तडफड ज्याला सोसवली नव्हती, त्याने शेवटपर्यंत मन ढळू दिले नाही, असे समकालीन वृत्तान्त सांगतात.

तीन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १७१९मध्ये, बाळाजी विश्वनाथाच्या मराठी फौजा सय्यद बंधूंच्या साह्यासाठी दिल्लीत उतरल्या असताना फर्रुखसियर पदच्युत झाला. त्याचेही डोळे फोडले गेले आणि दोन महिन्यांनी त्याला गळा आवळून मारण्यात आले. त्या मोहिमेत येसूबाईंची सुटका झाली, चौथाईच्या सनदा मिळाल्या, हे मराठी इतिहासात सविस्तर येते. बंदाच्या रक्ताने त्याआधीच किती पोखरण झाली होती, ते सहसा येत नाही.

पंथातही त्याच्या वाट्याला निर्विवाद गौरव लगेच आला नाही. त्याला गुरूस्थानी मानणारे बंदई आणि ते नाकारणारे तत्त खालसा असे दोन तट पडले. १७२१मध्ये अमृतसरला भाई मणिसिंगांच्या मध्यस्थीने तो तंटा मिटला. पुढे रवींद्रनाथ टागोरांनी बंदावर बंगाली काव्य लिहिले, इतिहासकार गंडासिंग यांनी १९३५मध्ये त्याचे साधार चरित्र सिद्ध केले, आणि चप्पडचिडीच्या मैदानावर २०११मध्ये ३२८ फूट उंचीचा विजयस्तंभ उभा राहिला.

नांदेडला गोदावरीच्या काठावर जेथे माधोदासाचा मठ होता, तेथे आता गुरुद्वारा आहे. त्या घाटाला बंदा घाट म्हणतात. हजूर साहिबचे दर्शन आटोपलेले यात्रेकरू तेथे येतात, पाण्यात पाय बुडवून थोडा वेळ बसतात आणि परतीच्या गाडीची वेळ झाली, की उठतात.